सिस्टर विशाखापट्टणला जातात

सिस्टर कोणाला नमस्कार करायच्या नाहीत, मनगट धरायच्या. तोंडाने बोलणं चालूच असायचं, ऊन किती वाढलं, भरताची वांगी आली का, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं. आणि तेवढ्यात त्यांची तीन बोटं आपली नाडी बघून घ्यायची. दूधवाला, गॅसची टाकी आणणारा, मत मागायला आलेला उमेदवार, कोणीही यातून सुटायचं नाही. मनगट सोडताना त्या निकाल सांगायच्या. "सकाळपासून जेवलेला नाहीस." किंवा "घरून भांडून आलास." बहुतेकदा ते खरं निघायचं. चुकलंच तर म्हणायच्या, "मग आता भांडायला चाललेला असशील."

जळगावला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला गेलो ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी. मी धुळ्याची, नवऱ्याची नोकरी पाइपच्या कारखान्यात, मला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालेलं. खोल्या बघायला गेलो तेव्हा त्यांनी एका हातात माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातात नवऱ्याचं, आणि विचारलं, "तुम्ही दोघं भांडता का?" नवरा म्हणाला, नाही. मी म्हणाले, हो. त्यांनी दोघांचे हात सोडले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "घरात एक जण खरं बोलणारं असलं की पुरतं," म्हणाल्या.

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नव्हतं. सगळ्या गल्लीला त्या सिस्टर. एरंडोलकडून भाऊबंद यायचे ते अक्का म्हणायचे. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, आणि चालणं असं की मागून येणाऱ्याला वाटावं, वॉर्डात कोणीतरी गंभीर आहे. बोलणं शहरी मराठी. पण जीव लावून बोलायला लागल्या की अहिराणी बाहेर यायची, आणि ती आली की समजावं, आता सिस्टर खरं बोलतायत.

पहिल्या उन्हाळ्यातच मला त्यांचं ते वेड दिसलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला जळगाव तव्यासारखं तापतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. घराघरांतून कूलरची घरघर. तशा वेळी सिस्टर मागच्या ओट्यावर, सावलीत, घमेलं घेऊन बसायच्या. त्यात पाणी, पाण्यात मुठी-मुठीने खडेमीठ, आणि पोटऱ्यांपर्यंत साडी वर घेऊन पाय त्या पाण्यात. डोळे मिटलेले. शेजारच्या बायकांना वाटलं, गुडघ्यांवरचा काही उपाय आहे. त्यातल्या दोघी-तिघींनी आपापल्या घरी तो सुरूही केला आणि गुण आला म्हणून सांगायला लागल्या.

मी एकदा विचारलं तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या, "समुद्र करून बघतेय."

मग हळूहळू, वेगवेगळ्या दुपारी, त्यांची हकिकत मला कळत गेली. नवरा लवकर गेला. मुलगा लहान. त्या इथल्या दवाखान्यात नर्स होत्या आणि मग ओमानला समुद्राकाठच्या एका गावात नोकरी मिळाली. मुलाला धुळ्याला भावाकडे ठेवलं आणि गेल्या. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या, मुलगा इंजिनियर होऊन नोकरीला लागेपर्यंत तिथेच राहिल्या. नर्सेसचं हॉस्टेल गावाबाहेर, दवाखाना दुसऱ्या टोकाला. ने-आण करायला बस. एकटीने बाहेर पडायचं नाही असा हॉस्टेलचा नियम, आणि सुटी मिळाली तर झोप तरी काढायची किंवा दुसरीच्या बदली ड्यूटी तरी करायची. समुद्र रोज दिसायचा. जाताना उजव्या खिडकीतून, येताना डाव्या.

"आणि पाण्यात कधी...?"

"नाही ना गं. तेवढी वर्षं. पाय नाही भिजला माझा." मग घमेल्यातलं पाणी पायाने हलवत म्हणाल्या, "बठ्ठ्यास्ले वाटे, अक्का समिंदरकाठे ऱ्हास." सगळ्यांना वाटायचं, अक्का समुद्राकाठी राहते.

मुलगा दीपनगरला होता, कोळशावरच्या वीज केंद्रात. कॉलनीत क्वार्टर, बायको, एक मुलगी. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. उंच, शांत, थोडा वाकून चालणारा माणूस. सिस्टर त्याला बापू म्हणायच्या. तो आला की दोघं समोरासमोर बसायची आणि पाहुण्यांसारखी बोलायची. पाणी हवं का, गाडीला गर्दी होती का. त्याच्या लहानपणाचं काहीही बोलण्यात यायचं नाही, कारण ते एकाला माहीत होतं आणि दुसरीला नव्हतं. तो जायला निघाला की सिस्टर गेटपर्यंत जायच्या. जगाचं मनगट धरणाऱ्या सिस्टर त्याचं मात्र धरायच्या नाहीत. मला ते फार दिवसांनी लक्षात आलं.

सिस्टर वंदनेला जायच्या त्या बुद्धविहारातल्या बायकांची एक सहल निघाली. विशाखापट्टणजवळ डोंगरांवर जुने बौद्ध विहार आहेत, स्तूपांचे अवशेष आहेत, ते बघायला. सिस्टर गेल्या. परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. तोटलाकोंडा नावाच्या टेकडीचं वर्णन त्यांनी मला इतक्या वेळा केलं की आजही ती टेकडी मी बघण्याआधीच बघितली होती असं वाटतं. वर विटांची जोती, भिक्षूंच्या लहान लहान खोल्या, आणि त्या खोल्यांसमोर खाली सगळा समुद्र. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या. सिस्टर एका जोत्यावर बसल्या त्या उठेचनात. बस सुटायची वेळ झाली, दोघींनी दंडाला धरून उठवलं.

"त्यांनी संसार सोडला," त्या भिक्षूंबद्दल म्हणाल्या, "पण जागा कशी निवडली बघ."

महिनाभरात त्यांनी जाहीर केलं की त्या तिकडे राहायला जाणार. एकट्या. कायमच्या.

गल्लीत हसू झालं. माणसं परदेशी जातात, मुलाकडे पुण्याला जातात, फार तर काशी-गयेला जातात. साठी उलटलेली बाई जिथे एक ओळखीचं माणूस नाही, जिथली पाटी वाचता येत नाही, तिथे कशी जाईल? माझ्या नवऱ्याने समजुतीच्या सुरात सुचवलं, समुद्रच हवा असेल तर रत्नागिरी आहे, मालवण आहे, आपली भाषा आहे. सिस्टर म्हणाल्या, "तिथं आल्या दिवशी विचारतील, एकट्या का आलात, मुलगा बघत नाही का, आडनाव काय. मराठी कळणाऱ्या गावात चौकश्या फार. मला जिथं कोणाचं काही कळणार नाही असं गाव पाहिजे." गोवा पैसेवाल्यांचा झाला म्हणाल्या, मुंबईत माणसाला समुद्राकडे बघायला फुरसत नाही. विशाखापट्टणला मात्र टेकडीच्या उतारावर खोली मिळत होती, आणि जळगावच्या घराच्या भाड्यावर तिथे सुखाने भागणार होतं. खालचा मजलाही त्यांनी आम्हालाच दिला.

मुलगा आला तो रविवारी नाही, मधल्याच दिवशी, ड्यूटीवरून थेट. सिस्टरांनी मला हाक मारून खाली बोलावलं. मला वाटलं चहा करायला. पण त्यांना तिसरं माणूस हवं होतं एवढंच.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मग म्हणाला, त्याचं काही म्हणणं नाही, तिने दीपनगरला येऊन राहावं असाही आग्रह नाही, पण जळगाव निदान हाकेच्या अंतरावर होतं. सिस्टरांनी त्याला टेकडीचं सांगितलं, हवेचं सांगितलं, खोलीच्या खिडकीचं सांगितलं. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर खाली बघत म्हणाला, "मी चौथीत होतो तेव्हा शाळेत सर विचारायचे, आई कुठे आहे? मी सांगायचो, समुद्राच्या पलीकडे. आता माझ्या मुलीलाही तेच सांगायचं का?"

सिस्टर उठल्या, त्याच्याशेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्याने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी हळू, एखाद्या परक्या बाईने धरल्यावर सोडवावा तसा. चहा न घेता तो गेला.

सिस्टर तरीही गेल्या. स्टेशनवर मी होते, नवरा होता, गल्लीतल्या चार बायका होत्या. गाडी यायच्या आधी सगळ्यांची मनगटं धरून झाली. त्या सारखं जिन्याकडे बघत होत्या. तो आला नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला सांगितलं, "त्याचं चुकत नाही. माझंही चुकत नाही. असं होतं कधी कधी."

तिकडून फोन यायला लागले. पोहोचून पंधरवडा झाला तरी त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या. रोज काठावर जाऊन बसायच्या आणि परत यायच्या. इतकी वर्षं थांबले, आता घाई कसली, म्हणायच्या. मला वाटतं, भीती वाटत असावी. ज्याची इतकी वाट बघितली ते नुसतंच खारं पाणी निघालं तर? शेवटी त्यांच्या घरमालकिणीने त्यांना दंडाला धरून आत ओढलं. ही घरमालकीण म्हणजे त्यांच्याच वयाची, ठुसकी, मोठ्या आवाजाची विधवा बाई, खालच्या मजल्यावर राहणारी. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, सिस्टरांना तेलुगू सोडून सगळं येत होतं. त्यामुळे दोघींचं छान जमलं. सिस्टर तिच्याशी चक्क अहिराणीत बोलायच्या. "मराठीत बोलायचं तर विचार करावा लागतो, तिला दोन्ही सारखंच," म्हणायच्या.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही आमच्या लहान मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. येताना कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ आण एवढं एकच मागणं होतं. सिस्टर उन्हाने काळवंडल्या होत्या आणि त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर काठावर गेलो. कोळणी मासळीच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. सिस्टर दिसल्या तशा त्यांनी एकेक करून हात पुढे केले. नर्सम्मा, नर्सम्मा. त्या प्रत्येकीची नाडी बघत, खांद्यावरच्या पिशवीतलं बीपीचं यंत्र काढत, रागवत, हसत रांगेने पुढे जात होत्या. तेलुगू मोडकीतोडकी, हातवारे भरपूर. मग साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या, गुडघाभर, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पोहल्या नाहीत, खेळल्या नाहीत. बस थांबते तिथे माणूस उभा राहतो तशा उभ्या. लाट आली की थोड्या हलायच्या आणि परत पाय रोवायच्या. घरमालकीण काठावर त्यांचे बूट सांभाळत बसली होती.

संध्याकाळी खिडकीशी बसून त्यांनी मला विचारलं, "दीपनगरला यंदा राख फार पडते का?"

मी म्हटलं, पडते की, नेहमीसारखीच.

"क्वार्टर चिमणीच्या बाजूलाच आहे ना. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. छातीत जाते." मला कळलं, त्या राखेबद्दल बोलत नव्हत्या.

इकडे मुलाचीही तीच तऱ्हा. आईला फोन करायचा, पण मोजकं बोलायचा. आणि बंगालच्या उपसागरात वादळाची बातमी आली की त्याचा फोन मला यायचा. "ताई, तिकडे वारा सुटलाय म्हणे. जरा विचारून बघा ना." मी म्हणायचे, तुम्हीच विचारा. तो म्हणायचा, मी विचारलं तर तिला वाटेल परत ये म्हणतोय. मग मी विचारायचे आणि सिस्टर म्हणायच्या, "कोणी विचारायला सांगितलं?" मी म्हणायचे, कोणी नाही. त्या म्हणायच्या, "त्याला सांग, खिडक्या लावल्यात."

अशी तीन-चार वर्षं गेली. तो एकदाही तिकडे गेला नाही. दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं, मुलीची परीक्षा निघायची, केंद्रात एखादा संच दुरुस्तीला निघायचा, रजा मिळायची नाही. सगळी कारणं खरी होती.

मग एके दिवशी ड्यूटीवर त्याच्या छातीत दुखलं. नाशिकला नेलं, ऑपरेशन करावं लागलं. मी फोन केला तेव्हा सिस्टरांनी एकही प्रश्न विचारला नाही, फक्त दवाखान्याचा मजला विचारला. मिळेल त्या गाडीने, उभ्याने-बसल्याने, त्या नाशिकला पोहोचल्या आणि पांढरे बूट वाजवत सरळ त्याच्या खाटेशी गेल्या. त्या दिवशी त्यांनी त्याचं मनगट धरलं तेव्हा त्याने सोडवून घेतलं नाही. त्याची बायको मला पुढे सांगायची, तो झोपेत असला तरी त्या धरून बसायच्या. यंत्रावर सगळे आकडे दिसत होते, तरी.

दीपनगरला त्याला घरी आणलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, तो हिंडाफिरायला लागेपर्यंत राहते. त्यांनी त्याला हिंडायला लावलं. कॉलनीच्या रस्त्याने, कडुनिंबाखालून, सकाळ-संध्याकाळ, आधी चार घरं, मग कोपऱ्यापर्यंत, मग गेटपर्यंत. जेवणात मीठ कमी केलं म्हणून तो चाळिशी ओलांडलेला माणूस आईवर रुसायचा आणि ती त्याला समजावायची. सून हसून सांगत होती की घरात दोन लहान मुलं असल्यासारखं झालंय. मी भेटायला गेले तेव्हा तो जेवताना त्यांना सांगत होता की धुळ्याला मामाच्या घरी तो कोणत्या कोपऱ्यात झोपायचा, कोणत्या शिक्षकांना घाबरायचा. सिस्टर पोळी हातात धरून ऐकत होत्या. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना पहिल्यांदा आई-मुलासारखं बघितलं.

तो बरा झाला. कामावर रुजू झाला. सिस्टर गेल्या नाहीत.

विशाखापट्टणची खोली तशीच होती. दर रविवारी घरमालकिणीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती फोन खिडकीबाहेर धरून समुद्र दाखवायची. सिस्टर आतल्या खोलीत जाऊन बोलायच्या. मी दीपनगरला जायचे तेव्हा त्या गच्चीवर कुंड्यांची पानं ओल्या फडक्याने पुसत असायच्या, राख बसलेली असायची म्हणून. मी एकदा विचारलं, तिकडे कधी जाणार? म्हणाल्या, "त्याले आजून मनी गरज शे." त्याला अजून माझी गरज आहे. खाली मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आई आता इथं रमली, तिला नातीची सवय झाली.

मी त्याला सरळ सांगितलं की त्या रमलेल्या नाहीत, त्या तुमच्यासाठी थांबल्या आहेत. तो चपापला. त्याच संध्याकाळी, माझ्यासमोरच, त्याने त्यांना विचारलं, "आई, तुला जायचंय का तिकडे?"

सिस्टर भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आठे बरी शे. तठे काय ठेवेल शे?" इथे बरी आहे, तिथे काय ठेवलंय.

त्याचा चेहरा सैल झाला. आणि तो सैल झालेला सिस्टरांनी बघितला. त्यानंतर तो विषय त्यांनी कोणाला काढू दिला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी घरमालकिणीला खोली दुसऱ्याला देऊन टाकायला सांगितलं. ती फोनवर मोठ्याने भांडली म्हणे, आणि दिली नाही.

मला एकदाच, गच्चीवर, सिस्टर मनातलं बोलल्या. "पोराजवळ राहायचं होतं तेव्हा समुद्र मिळाला. समुद्राजवळ राहायचं होतं तेव्हा पोरगं मिळालं. दोन्ही चांगलंच मिळालं गं. वेळ तेवढी हुकली." त्या रडत नव्हत्या. फडकं पिळून त्यांनी पुढची कुंडी ओढली.

मुलाला जे माझ्या सांगण्याने पटलं नव्हतं ते पुढे आपोआप कळलं. एका रविवारी तो रजेवर होता. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दाराशी जाऊन बघतो तर सिस्टर फोनसमोर बसून पदर तोंडाला लावून हसतायत, फोनमधली बाईही हसतेय, आणि दोघी काय बोलतायत त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी जळगावला माझ्या ऑफिसात आला. म्हणाला, "ताई, आई अशी हसते हे मला माहीतच नव्हतं."

दिवाळीनंतरची दोन तिकिटं त्याने काढली. तिला सोडायला जायचं नव्हतं, आठ दिवस तिच्याबरोबर तिथे राहायचं होतं, आणि मग ती म्हणेल तसं. सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही. मला फोन करून कळण्याचं पीठ दळून ठेवायला सांगितलं, त्या बाईसाठी ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्याही सांगितल्या, आणि बापूला समुद्रात कुठे उतरवायचं, कुठे ओढ असते, हे सगळं मलाच समजावत बसल्या. आवाज पूर्वीचा झाला होता.

दिवाळीच्या आधी त्यांना ताप आला. साधा वाटला. त्यांनी स्वतःच गोळ्या घेतल्या, कोणाला फार सांगितलं नाही, तिकिटं रद्द होतील म्हणून. ताप छातीत उतरला. दवाखान्यात नेलं तोपर्यंत उशीर झाला होता, आणि त्या वयात फुप्फुसं साथ देत नाहीत. मुलगा शेवटपर्यंत जवळ होता. एवढं एक झालं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, वंदनेला आलेली माणसं अजून बसलेली असताना, सिस्टरांचा फोन वाजला. रविवार होता. खोलीतली सगळी माणसं त्या फोनकडे बघायला लागली. मुलाने तो उचलून नुसता कानाला लावला. आईच्या बोलण्यातून कानावर पडलेले दोन-चार तेलुगू शब्द त्याला माहीत होते. त्याने ते जुळवले.

"अम्मा लेदु," तो म्हणाला. आई नाही.

पलीकडून ती बाई पटापट काहीतरी बोलली, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, आणि फोन बंद झाला. तो फोनकडे बघत राहिला. केंद्रातला त्याचा एक आंध्रचा सहकारी मंडळींत बसलेला होता. तो संकोचून म्हणाला, तिला समजलेलं नाही. लेदु म्हणजे घरात नाही असंही होतं. ती म्हणाली, बरं, बाहेरून आली की मला फोन करायला सांग. त्याने लगेच फोन लावून नीट सांगायची तयारी दाखवली.

मुलगा नको म्हणाला. "हे फोनवर नको. मी जातो."

दोनातलं एक तिकीट त्याने रद्द केलं आणि गेला. आई होती तोवर ज्याला एकदाही जमलं नव्हतं तो माणूस सांत्वनाच्या भेटी अर्ध्यावर टाकून, नाशिकच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास टाळायला सांगितलेला असताना, एकटा गेला. बरोबर सिस्टरांनी सांगितलेलं पीठ आणि बिबड्या होत्या. त्या मी त्याच्या हातात दिल्या, काय करायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं म्हणून.

परत आल्यावर तो आमच्याकडे आला. सिस्टरांच्याच घरात, खालच्या खोलीत बसला. टेकडीवर जाऊन आलो म्हणाला, खोली बघितली, ती झाडून ठेवलेली होती. काठावर गेलो तर कोळणींना कोणीतरी आधीच सांगितलेलं होतं. त्यातल्या एकीने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी विचारलं, त्या बाईला कसं सांगितलंत?

तो म्हणाला, सांगावं लागलं नाही. रिक्षा उतारावर वळली तेव्हा ती अंगणात धुणं पिळत होती. आईने फोनवर त्याचे फोटो तिला कितीदा दाखवले होते, तिने ओळखलं लगेच. हातातलं धुणं टाकून हसत, पदराला हात पुसत फाटकाशी आली. त्याला काहीतरी म्हणाली, बहुधा ये, ये. आणि त्याच्या खांद्यावरून मागे, रिक्षाकडे बघायला लागली. तो बाजूला झाला नाही. ती मान वाकडी करून बघत होती. रिक्षा रिकामी वळून उतारावरून खाली गेली, तरी ती तिकडेच बघत होती.